अतिथी आणि गिऱ्हाईक

गेल्या मार्गशीर्षात मुंबईच्या एका अशिलाच्या कामासाठी मला उच्च न्यायालयात चार दिवस उभे राहावे लागले. १९८२ साली गोव्याला खंडपीठ मिळाल्यापासून आम्हां वकिलांच्या मुंबईच्या खेपा पुष्कळ कमी झाल्या. पण अशील मुंबईचा आणि वाद मुंबईच्या जागेचा असला, म्हणजे फोर्टातल्या त्या दगडी जिन्यांची ओळख पुन्हा काढावी लागते. या खेपेला आईही बरोबर येणार होती. तिची मावसबहीण परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी होती, तिला भेटायचे होते. आणि वाळकेश्वरला बाणगंगेच्या काठी मठात जाऊन यावे, ही तिची जुनी इच्छा होती.

आमच्या राहण्याची व्यवस्था भाच्याने अंगावर घेतली. त्याने दोन हॉटेलांची नावे धाडली, एक कुलाब्याचे आणि एक वांद्र्याचे. दोन्ही लहान, दोन्ही जुन्या घरांत थाटलेली, दोन्हींचे दर जवळजवळ सारखे. अशा हॉटेलांना हल्ली 'बुटिक हॉटेल' म्हणतात, असेही त्याने मला समजावून सांगितले. कुलाब्याच्या हॉटेलात उंच छत, जुन्या फरशा आणि लाकडी जिना. वांद्र्याच्या हॉटेलात परसात बाग आणि सकाळच्या न्याहारीला घरचे लोणी. मी दोन संध्याकाळी ही छायाचित्रे पाहत बसलो. वकिलाला दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करण्याची सवय असते, त्यामुळे निर्णय लवकर होईना. कुलाबा न्यायालयाला जवळ, वांद्र्याला शांतता. कुलाब्यात समुद्र चार पावलांवर. वांद्र्यात पायऱ्या कमी. तिसऱ्या दिवशी माझ्याच लक्षात आले की, पन्नास हजारांच्या दाव्यातही मी इतका खल करीत नाही. मग प्रश्न पडला की मी येथे नेमके काय निवडतो आहे? खाट, स्नानगृह आणि चहा तर दोन्हीकडे सारखाच होता.

या हॉटेलांचा इतिहास फार जुना नाही. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन रस्त्यावर 'मॉर्गन्स' नावाचे एक हॉटेल निघाले. स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर हे त्याचे दोघे जनक. मोठी हॉटेले म्हणजे सर्व काही विकणारी भव्य भांडारे, आणि आपले हे हॉटेल म्हणजे निवडक माल ठेवणारे छोटेसे दुकान, अशा अर्थाने रुबेलने 'बुटिक' हा शब्द वापरला असे सांगतात आणि तोच पुढे रूढ झाला. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, हे दोघे भागीदार त्यापूर्वी एका नृत्यगृहाच्या उत्पन्नावरील कर चुकविल्याबद्दल तुरुंगात जाऊन आले होते, आणि त्यांतला श्रेगर मूळचा वकील. सरकारी पाहुणचार घेऊन आलेल्या माणसांना खासगी पाहुणचाराचे मर्म अधिक कळले असावे. मॉर्गन्स २०१७ साली बंद झाले. पण त्याची कल्पना जगभर पसरली. मुंबईत खार येथे असे एक हॉटेल निघाले, तेव्हा त्याच्या तीन मजल्यांची मांडणी तमस्, रजस् आणि सत्त्व या तीन गुणांवर केलेली होती. गीता वाचणाऱ्या माणसाने तेथे कोणत्या मजल्यावर उतरावे, आणि ज्याला गुणातीत व्हायचे त्याची सोय गच्चीवर होते काय, हे विचारण्याचा मोह आवरत नाही.

असो. मुद्दा असा की, मोठे हॉटेल आपल्याला सोय विकते आणि हे छोटे हॉटेल आपुलकी विकते. तेथे खोलीला क्रमांकाऐवजी नाव असते, काउंटरवरचा माणूस आपले नाव पाठ करून ठेवतो, आणि भिंतीवर कोणाच्या तरी आजोबांचे छायाचित्र असते. आपण क्रमांक नसून कोणीतरी आहोत, ही भावना त्या दरात समाविष्ट असते. दोन संध्याकाळी मी निवडत होतो, ते हे. कोणाच्या घरी आपण अधिक चांगले पाहुणे दिसू, याचा मी विचार करीत होतो.

माझ्या आजोबांना हा प्रश्न पडला नव्हता. ते मुंबईला जात, तेव्हा गिरगावातल्या चाळीत दूरच्या नातलगांकडे उतरत. तेथे जागा नसली तर मठाच्या ओसरीवर पथारी टाकीत. नातलगांची खोली एकच आणि माणसे नऊ. आजोबा दहावे. कोणाकडे उतरावे याचा विचारच नव्हता, कारण निवडीला जागा नव्हती. ज्यांना नातलग नव्हते आणि चार पैसे होते, त्यांच्यासाठी खाणावळी आणि उतारूंची बिऱ्हाडे होती. त्यांत क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. ज्यांच्या अंत्यदर्शनाला सारी मुंबई लोटली, त्यांचा शेवटचा श्वास उतारूंसाठी बांधलेल्या इमारतीतल्या खोलीत गेला. तरी त्यांना परक्या ठिकाणी मरण आले असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. भाड्याच्या जागेतही कधी कधी घर निर्माण होते. ते कशाने होते, हे मात्र भाड्याच्या पावतीवरून सांगता येत नाही.

आपल्या शास्त्रांत अतिथीची व्याख्या केली आहे आणि ती वकिलाला आवडेल इतकी काटेकोर आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, जो एकच रात्र राहतो तो अतिथी. त्याची स्थिती नित्य नाही म्हणून तो अतिथी. त्याच गावात राहणारा अतिथी होत नाही. आणि यजमानाजवळ काहीच नसले तरी बसायला गवत, टेकायला जागा, प्यायला पाणी आणि गोड शब्द या चार गोष्टींचा भल्या माणसाच्या घरी तोटा नसतो. तैत्तिरीयोपनिषदाने अतिथीला मातापित्यांच्या आणि आचार्यांच्या रांगेत देव म्हणून बसविले, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारी येतो तेव्हा यम घरी नसतो. तो मुलगा तीन रात्री अन्नावाचून दारात राहतो, आणि परत आलेला यम त्या तीन रात्रींबद्दल तीन वर देतो. सेवेतील कसुरीबद्दल दिलेल्या भरपाईचे याहून जुने उदाहरण माझ्या माहितीत नाही; आणि ती भरपाई दावा न लावता मिळाली, हे विशेष.

या सर्व वचनांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती आपल्या नजरेतून सुटते. अतिथी यजमानाची निवड करीत नाही. वाटेत रात्र झाली, समोर दार दिसले, ते त्याने ठोठावले. नचिकेत्याने दोन घरांची तुलना केली नव्हती. आणि यजमानही अतिथी निवडीत नाही. दारात जो उभा राहील तो. दोघांनीही निवडीचा हक्क सोडलेला असतो, म्हणून त्या भेटीत देव येऊन बसतो. ज्या क्षणी मी दोन हॉटेलांच्या फरशा ताडून पाहू लागलो, त्या क्षणी मी अतिथी राहिलो नाही, गिऱ्हाईक झालो. गिऱ्हाईक होण्यात पाप नाही. पण गिऱ्हाइकाने अतिथीचा मान मागावा, आणि दुकानदाराने तो किंमत लावून द्यावा, येथे मला काहीतरी खुपले.

येथवर आलो तेव्हा मला वाटले की उत्तर सोपे आहे: जुने ते पवित्र आणि नवे ते बाजारी. आमच्या देवस्थानांच्या अग्रशाळा आठवल्या. श्रीमंगेश, श्रीशांतादुर्गा, श्रीम्हाळसा, कोणत्याही मोठ्या देवळाच्या आवारात अग्रशाळा आहेच. लहानपणी जत्रेला आम्ही त्या लांबलचक ओसऱ्यांवर चटया टाकून निजत असू. तळीच्या पाण्याचा वास, चौघड्याची जाग, आणि सकाळी कोणाच्या तरी ओळखीच्या बाईने दिलेली पेज. भाडे नावापुरते. हा पाहुणचार बाजारात मिळत नाही, असे मी मनाशी म्हणत होतो, आणि तेवढ्यात मला एक पावसाळी रात्र आठवली. ती मी येथे लिहितो, कारण ती लिहिल्याखेरीज वरचे सगळे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या समितीने माझे मत मागितले होते. देवस्थानाचे नाव येथे सांगत नाही. अग्रशाळेच्या खोल्यांत बाहेरचे प्रवासी येऊन राहतात, समुद्र पाहायला आलेले लोक स्वस्त जागा म्हणून देवळाचा उपयोग करतात, काही जण मद्य आणतात, अशी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. खोल्या फक्त महाजनांना आणि कुळाव्यांना, तेही समितीचे पत्र असेल तरच, देता येतील काय, असा प्रश्न होता. मी अभ्यास केला. १९३३ च्या महाजनी नियमावलीपासून संविधानाच्या पंधराव्या आणि सव्विसाव्या अनुच्छेदांपर्यंत सर्व पाहिले, आणि अकरा पानांचे मत दिले की, होय, देता येतील. अमुक शब्दांत ठराव करावा. ठराव झाला. राखणदाराला सांगण्यात आले की पत्र नसेल तर किल्ली द्यायची नाही.

त्याच वर्षी आषाढात रात्री दहाच्या सुमारास एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन देवळाच्या आवारात आला. घाटाखालच्या रस्त्यावर त्यांची गाडी बंद पडली होती. पाऊस धो धो. राखणदाराने पत्र विचारले. पत्र नव्हते. कुळ विचारले, ते आपल्यांतले निघाले नाही. अग्रशाळेच्या अकरा खोल्या त्या रात्री रिकाम्या होत्या. मायलेक दीपस्तंभासमोरच्या पडवीत बसून राहिली आणि उजाडल्यावर तळीवर तोंड धुऊन, देवीला नमस्कार करून निघून गेली. त्यांना काही अपाय झाला नाही, कोणी तक्रारही केली नाही. पुजाऱ्याच्या पत्नीने ही हकीकत आईला सांगितली आणि आईने मला. ती एवढेच म्हणाली, "त्या म्हातारेक तरी भितर घेवपाक जाय आशिल्लें." ठरावाचा मसुदा माझा आहे, हे तिला ठाऊक होते. ती त्याविषयी काही बोलली नाही.

माझे मत कायद्याने बरोबर होते. आजही ते बरोबर आहे असेच मी म्हणेन. पण ज्या मनुस्मृतीचा आपण येता-जाता आधार घेतो, तिच्या त्याच अध्यायात असेही सांगितले आहे की, जेवण मिळावे म्हणून आपले कुलगोत्र सांगू नये. सांगणाऱ्याला तेथे फार कठोर शब्द वापरला आहे. सांगणे जर इतके निंद्य, तर विचारणे कसे? खरे पाहता त्याच अध्यायात पुढे वर्णाप्रमाणे अतिथींची प्रतवारीही केली आहे. ग्रंथ एका तोंडाने बोलत नाही, आणि सोयीचे तेवढे वाक्य उचलणारा वकील मला न्यायालयातही आवडत नाही. तरीही दोन वचनांतले कोणते उचलायचे ही निवड आपलीच असते आणि तिचे उत्तरदायित्वही आपलेच.

आणि आमच्या देवळांनी तर हे विशेषच लक्षात ठेवायला हवे होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळे पाडली तेव्हा श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आले, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. नदी ओलांडून, पोर्तुगीज अमलाबाहेरच्या अंत्रुजात. आज ज्यांच्या अग्रशाळेत आपण कुळ विचारतो, ते देव स्वतः एके काळी परक्या मुलखात रात्रीचा आसरा शोधत आले होते. अंत्रुजाने त्यांना जागा दिली.

आता बाजाराकडे पुन्हा पाहू. ज्याला आपण बाजारी म्हणून हिणवतो, त्या खाणावळीचा आणि सराईचा कायदा निराळ्या वाटेने गेला. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक सराई चालविणाऱ्याला प्रवासी निवडता येत नाही. जागा असेल, प्रवासी पैसे द्यायला तयार असेल आणि त्याचे वर्तन ठीक असेल, तर त्याला घेतलेच पाहिजे. १९४३ साली वेस्ट इंडीजचा प्रसिद्ध क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन याला लंडनच्या इंपीरियल हॉटेलने त्याच्या वर्णामुळे राहू दिले नाही. त्याने दावा लावला. १९४४ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि नुकसानभरपाई दिली पाच गिनी. रक्कम हास्यास्पद, तत्त्व मात्र पक्के. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदातही हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून तेथे प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे पाहा, निवडीचा हक्क सोडण्याचा अतिथिधर्माचा अर्धा भाग, यजमानाचा अर्धा भाग, बाजारातल्या कोरड्या कायद्याने उचलून धरला. आणि आम्ही, जे अतिथीला देव म्हणतो, तो एका ठरावाने सोडून दिला. कायदा कागदावर आहे आणि व्यवहार निराळा, हे मला कोणी सांगायला नको. आडनाव ऐकून खोल्या 'भरलेल्या' होतात, हे मी अशिलांकडून ऐकले आहे. पण निदान तेथे नकार देणाऱ्याला खोटे बोलावे लागते. आमच्या राखणदाराला खोटे बोलावे लागले नाही. त्याच्याकडे माझे मत होते.

शेवटी आम्ही कुलाब्याला उतरलो. दारातच एका तरुणाने हात जोडून इंग्रजीत सांगितले की आपण आपल्या घरी परत आला आहात. आईला मी अर्थ सांगितला तेव्हा ती इकडेतिकडे पाहू लागली. दिवाणखान्यात जुन्या घरांतून आणलेल्या वस्तू मांडल्या होत्या: कोरीव खांब, पितळी समया, पाळण्याच्या साखळ्या, आणि एका कोपऱ्यात सागवानी देव्हारा. आईने सवयीने चपला काढल्या, पुढे झाली, हात जोडले, आणि मग तिला दिसले की आत हॉटेलची पत्रके आणि शहराचे नकाशे रचून ठेवले आहेत. "पुता, हो देव्हारो. देव खंय आसा?" तिने विचारले. तिला राग आला नव्हता. कोणाचे तरी घर मोडले आणि त्यातले देव कोठेतरी गेले, याची ती चौकशी करीत होती. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आमच्या मजल्यावर चहा आणणारा मुलगा खानापूर तालुक्यातला निघाला. आपल्या भागाकडचे मराठी ऐकल्याबरोबर त्याचे शिकवलेले हसू गळून पडले आणि त्याचे स्वतःचे, थोडे लाजरे, असे दिसू लागले. आईने त्याच्या घरची माणसे, शेत, म्हशी, सर्व विचारून घेतले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्हांला मठात जायचे होते. तोच मुलगा जिन्यावर दिवा लावून उभा होता, आणि रात्री अकराला पाणी आणणाराही तोच होता. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "हो भुरगो खंय न्हिदता रे?"

परत आल्यावर मी त्याला विचारले. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची एक शेड होती, तेथे सहा जण पाळीपाळीने निजत. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून गच्चीवरच. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. मुंबईत गच्ची मिळते हे त्याला भाग्यच वाटत होते. खाली आमच्या खोलीचे छत चौदा फूट उंच होते, आणि त्याच छतावर मी दोन संध्याकाळी भाळलो होतो.

पगार घेऊन दाखविलेली आपुलकी खोटी असते, असे म्हणायला मी तयार नाही. तसे म्हटले तर माझा धंदाच खोटा ठरेल. अशिलासाठी न्यायालयात मी जो आवेश दाखवतो, त्याचे मी शुल्क घेतो. समोरचा वकील दुपारी माझ्याबरोबर चहा पितो. म्हणून तो आवेश ढोंग होत नाही, कारण त्याच्या मुळाशी एक कर्तव्य आहे, आणि ते मी मनापासून करतो किंवा करीत नाही. कराराच्या १८७२ च्या कायद्यात, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने तिची किती काळजी घ्यावी याचे मोजमाप दिले आहे: साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी. प्रेम करा असे कायदा म्हणत नाही. स्वतःचे समजून सांभाळा, एवढेच म्हणतो. १९९८ साली दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्याने वाहन लावण्यासाठी नोकराच्या हाती दिलेली मोटार चोरीला गेली. पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असे छापले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले की, वस्तू ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी असल्या छापील ओळीने झटकता येत नाही. गिऱ्हाइकाच्या मोटारीला इतके संरक्षण आहे. मला दारात 'घरी या' म्हणणाऱ्या मुलाच्या झोपेची काळजी मात्र माझ्या आणि हॉटेलच्या करारात कोठेच बसत नाही, कारण तो त्या कराराचा पक्षकार नाही. करार बाजूला ठेवून पाहिले तर तो माझा यजमान होता. पहाटे पाचला जिन्यावर दिवा घेऊन तोच उभा होता. हॉटेलच्या मालकाला मी पाहिलेही नाही.

परळचा एक प्रसंग सांगायचा राहिला. रुग्णालयासमोरच्या पदपथावर माणसे अंथरुणे टाकून होती. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले रोगी आणि त्यांचे सोबती. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा लोकांसाठी चालते, पण येणाऱ्यांची संख्या कोणत्याही धर्मशाळेला पुरणारी नाही. आईची मावसबहीण म्हणाली की तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा दीड महिना पदपथावर आहे. परतताना आईने मला विचारले की आपणही धर्मशाळेतच का उतरलो नाही. चार दिवसांचेच तर होते. मी सांगितले की आपण तेथे उतरलो असतो तर एका गरजवंताची खाट अडली असती. हे तिला पटले. ज्याला पैसे देणे शक्य आहे त्याने पैसे देऊन राहावे, हेच बरे. साधेपणाच्या हौसेने गरिबाची जागा घेणे, ही चैनीहून वाईट चैन. तेव्हा हॉटेलात उतरण्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. मी निवड कशाच्या आधारे केली, याबद्दल आहे.

निघताना मी काउंटरवरच्या वहीत अभिप्राय लिहायला बसलो. छत, फरशा आणि न्याहारी यांची स्तुती तेथे पानोपानी होती. मी गच्चीवरच्या पत्र्याविषयी चार ओळी लिहिल्या, मग वाटले की याचा परिणाम त्या मुलावर होईल, बोलला म्हणून त्याची नोकरी जाईल; म्हणून ते पान वहीतून काढून घेतले आणि घरी आल्यावर मालकाला स्वतंत्र पत्र धाडले. त्यात मुलाचा उल्लेख येऊ दिला नाही, गच्चीवर मी स्वतः फिरायला गेलो होतो असे लिहिले. ते अर्धसत्य होते. पत्र धाडण्यापूर्वी मी खरोखरच एकदा गच्चीवर जाऊन आलो होतो, पण फिरायला नव्हे. अद्याप उत्तर नाही.

देवस्थान समितीलाही मी एक पत्र दिले आहे. मूळ ठराव रद्द करा असे मी म्हटलेले नाही. मद्याची तक्रार खरी होती आणि जत्रेला कुळाव्यांना जागा हवी हेही खरे. अग्रशाळेची एक खोली पत्राशिवाय, कुळ न विचारता, रात्री आठनंतर येणाऱ्याला एका रात्रीपुरती देण्याचा अधिकार राखणदाराला असावा, एवढीच सूचना आहे. मत मागितलेले नसताना दिले, म्हणून शुल्काचा प्रश्न नव्हता. सभेत त्यावर चर्चा झाली. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की ती खोली बाटली तर जबाबदार कोण. दुसऱ्यांनी विचारले की विजेचे बिल कोणी भरायचे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले आहे, वर्षाचे बिल आई भरणार आहे. पहिल्यासाठी विषय पुढील सभेवर ठेवला आहे.

पुढच्या महिन्यात त्याच दाव्यासाठी मला पुन्हा मुंबईला जायचे आहे. भाच्याने या वेळीही दोन नावे धाडली, छायाचित्रांसह. मी त्याला दोन्ही ठिकाणी विचारायला सांगितले की रात्रपाळीचे नोकर कोठे निजतात. त्याला संकोच वाटला, तरी त्याने विचारले. एका हॉटेलाने हा प्रश्न समजला नाही असे कळविले. दुसरे फोर्टात आहे, दिसायला साधे, त्याला 'बुटिक' म्हणावे की नाही याची भाच्याला शंका आहे. तेथल्या व्यवस्थापकाने लिहिले की मागच्या बाजूला तळमजल्यावर पंखे असलेली खोली आहे, आठ खाटांची. साहेबांना पाहायची असल्यास दाखवू. तेथे दोन रात्रींसाठी जागा राखून ठेवली आहे.